कोरडं ठेवा

पुलाखाली दर मंगळवारी फिरत्या दवाखान्याची गाडी उभी राहते, आणि माझी बसही तिथेच थांबते. काल नर्सबाईंनी फुटपाथवर राहणाऱ्या एका म्हातारीच्या पायावरची प्लास्टिकची पिशवी सोडली, तेव्हा वासाने बसची वाट पाहणारे आम्हीसुद्धा मागे सरलो.

"मावशी, हे कशाला बांधलंत? आत घाम साचून जखम चिघळली की!"

"तुम्हीच म्हणालात ना, कोरडं ठेवा. रोज सकाळी ते पालिकेवाले पाइप लावून फुटपाथ धुतात, आम्ही उठावं म्हणून. मग बांधली पिशवी. एकदासुद्धा सोडली नाही बघा."

शेवटचं वाक्य ती शाबासकीच्या आशेने बोलली.

कोरडं. घरात किती सोपा शब्द आहे हा! ओल्या कपड्यांना दोरी असते, ओल्या पायांना पायपुसणं. हिच्या वाट्याला आमचे फक्त शब्द कोरडे आले.

नर्सबाईंनी जखम धुऊन नवी पट्टी बांधली.

म्हातारीने ती पिशवी उचलली, झटकली, पुन्हा पायाशी धरली.

"कोरडंच ठेवायचं ना, ताई?"