सातवी पायरी

जर्मनीतल्या बॉनच्या विद्यापीठात मी गरिबी मोजायचं काम करायचे, म्हणजे प्रश्नावल्या बनवायचे. कागदावर दहा पायऱ्यांची शिडी असायची. तळाला सगळ्यांत गरीब, वर श्रीमंत. माणसानं आपल्या पायरीवर बोट ठेवायचं, आपण आकडा लिहायचा. लोक यात खोटं बोलतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय. त्याचा मला भारी तोरा होता.

त्या उन्हाळ्यात आई राहायला आली होती. मराठी प्रश्नावली कुणावर तरी तपासायची होती, म्हणून तिलाच इन्स्टिट्यूटमध्ये नेलं. माझे प्रोफेसर समोर बसले. मी विचारलं, "आई, मी शाळेत होते तेव्हा आपलं घर कुठल्या पायरीवर होतं?"

तिनं चष्मा सारखा केला आणि सातव्या पायरीवर बोट ठेवलं.

माझं डोकंच फिरलं. शेजारणीकडून पेज मागून आणणारी बाई म्हणे सातवर! "अगं, खरं सांग की. लाज कसली?"

"खरंच सांगतेय. तू कधी उपाशी झोपलीस का? नाही ना? मग?"

"आणि तू?"

तिनं बोट सातवरच दाबून धरलं. मग मीच प्रोफेसरांना जर्मनमध्ये सगळं सांगितलं. ती पेज, तिचं 'मला भूक नाही' म्हणत पाणी पिऊन झोपणं, सगळं. भाषा तिला कळत नव्हती, पण मी पोटावर हात ठेवून दाखवत होते ते कळत होतं. शेवटी मी तिचं बोट धरलं आणि ओढून दुसऱ्या पायरीवर ठेवलं.

"गेनाऊ!" म्हणजे 'अगदी बरोबर!' प्रोफेसर खूश झाले. पुढे तो किस्सा ते वर्गात सांगायचे. मीही सांगायचे, हसत हसत.

ट्राममध्ये आई एवढंच म्हणाली, "इतकी वर्षं झाकलं, ते परक्या माणसापुढं उघडं केलंस."

"अगं, हे शास्त्र आहे," मी म्हटलं. काय मेली अक्कल माझी!

ती गावी परतली. दर रविवारी मी फोन करायचे. "जेवलीस का?" "हो, आत्ताच." मी पुढचं बोलायला लागायचे.

मग एकदा गावाकडच्या शेजारणीचा फोन आला. चार महिने आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. विचारलं की म्हणायची, भूक नाही.

मी आईवर फोनवरच ओरडले, "मला का नाही सांगितलंस?"

"तुला कशाला सांगायचं?" ती म्हणाली. "तू माझं बोट धरून तुला हवं तिथं ठेवतेस."