दारात येणाऱ्याची गोष्ट

पोलिस ॲक्शनच्या आधीच्या गडबडीत आमचे मालक फुलंब्रीच्या बाजाराला गेले, ते आलेच नाय. मढंबी हाती लागलं नाय. मंग लेकीला घेऊन मी शहरात आले अन् वाचनालय झाडायला लागले.

तिथं पुस्तकं देणारा एक सडपातळ माणूस होता, तोंडात कायम विलायची. इंग्रजीवरनं मराठीत केलेल्या जुन्या भुताच्या गोष्टी होत्या, एकेक गोष्ट एकेका पातळ पुस्तकात. लोक त्यावर तुटून पडायचे. पहिली कुठली द्यायची ते हाच ठरवायचा. आधी इचारायचा, "घरी कोण कोण असतं?"

"अहो, पुस्तक मागतोय, सोयरीक नाय!" लोक चिडायचे.

"पहिली चुकली की माणूस दुसरीला येत नाय, जनाब."

एकट्याला हसवणारं भूत, भरल्या घराला तळघरातलं.

माझी लेक दुपारी मला वाचून दाखवायची. तिला त्यानं कायबी इचारलं नाय. आमचं त्याला ठाऊक होतं. हसवणाऱ्या भुताची दिली, मंग बंद खोलीची. मेलेला नवरा दारात येतो ती सगळ्यांनी वानलेली गोष्ट मातर लेकीनं मागितली की म्हणायचा, "बाहेर गेलीय."

एकदा झाडताना, वर दारातल्या माणसाचं चित्र असलेली ती गोष्ट मला त्याच्या गादीखाली घावली.

"भाऊ, आमच्यापासनं लपवली व्हय?"

त्याचं चावणं थांबलं. "बाई, तुमच्या घरी ही नगं."

"त्यात तो येतो का शेवटी?"

"येतो."

"मंग हीच पहिली द्यायची होती," म्या म्हणलं.