चिखलदऱ्याला नेलेला पेला

मागच्या दिवाळीत मी याच ब्लॉगवर माझ्या आजीच्या बालमैत्रिणीबद्दल लिहिलं होतं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मार्ता ही व्हिएन्नातली ज्यू मुलगी. हिटलरच्या राजवटीत तिचं सगळं घर संपलं, ती एकटी वाचली. युद्ध संपल्यावर तिला अमरावतीला तिच्या डॉक्टर काकाकडे पाठवलं. काकाच्या दवाखान्याला लागून आजीचं माहेर होतं, आणि दोघी दहा वर्षांच्या. 'जगानं जिला हाकललं, तिला आमच्या घरानं माया दिली,' असं मी छाती फुगवून लिहिलं होतं. सोबत एका पेल्याचा फोटो होता. पांढऱ्या तामचिनीचा, निळ्या काठाचा पेला. तो खास मार्तासाठी वेगळा ठेवलेला, आमच्याकडे ती त्यातूनच दूध प्यायची. आजी तो सासरी अकोल्याला घेऊन आली आणि आजवर तिनं कुणाला त्याला हात लावू दिला नाही. त्या फोटोखाली तुम्ही भरभरून लाल बदाम टाकलेत.

जानेवारीत त्याच लेखाखाली शबाना नावाच्या शिक्षिकेची प्रतिक्रिया आली. 'मार्ताबाई इथे चिखलदऱ्यात असतात. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाल्या. मी त्यांची भाडेकरू. तुमचा लेख त्यांना वाचून दाखवला. भेटायला या म्हणतात, आणि पेला घेऊन या म्हणतात.'

मी वाचता वाचताच तिकीट काढायला घेतलं. पेला घेऊन या! गोष्टीचा शेवट आपण होऊन चालत आला होता. नवीन ट्रायपॉडही घेतला. आता तो डोळ्यांसमोर नको वाटतो.

पुण्याहून रेल्वेनं अकोला. सकाळी शेगावला गाडी थांबते तेव्हा कचोरी घ्यायला विसरू नका, डब्यातच विकायला येते. अकोल्यात आजी माझ्या काका-काकूंकडे असते. वय झालंय, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. मार्ता जिवंत आहे हे तिला फोनवर आधीच कळवलं होतं. मला वाटलं होतं, आनंदानं रडेल वगैरे. ती नुसती म्हणाली, "असं का?" आणि मी पोचले तेव्हा पेला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून तयार होता.

"आजी, तू पण चल ना. गाडी करू."

"माहे गुडघे पाह्य. घाट चढाचे हायेत का ते?"

"मग निरोप काय देऊ?"

आजीनं गाठोड्याची गाठ सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली. "निरोप नको. पेला ठिवून घेते का, तेवढं पाह्य."

"ठेवून का नाही घेणार? तिनंच मागितलाय!"

"तू पाह्य फक्त."

म्हातारपणात माणसं हळवी होतात, असं मी काकूला म्हटलं.

अकोल्याहून अमरावती एसटीनं अडीच-तीन तास. आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे हा प्रवास चहा-नाश्त्याच्या खर्चात होतो. हिवाळ्यातच जा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, शेवटची वेचणी झालेला कापूस आणि उभी तूर. अमरावतीत राजकमल चौकाच्या आसपास गिला वडा जरूर खा, दह्यात बुडालेला आणि वर तिखट चटणी. आजीचं माहेर शोधलं. तिथे आता मोबाइलची दुकानं आहेत आणि शेजारच्या दवाखान्याच्या जागी कोचिंग क्लास. तरी मी रस्त्यावर उभी राहून पेला हातात धरून व्हिडिओ केला. "इथेच एका अनाथ मुलीला..." वगैरे. एक दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, "मॅडम, गिऱ्हाइकाले रस्ता द्या न."

दुसऱ्या दिवशी परतवाड्याची एसटी आणि तिथून चिखलदऱ्याला जीप. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा घाई करू नका. घाटात कान बंद होतात आणि थंडी अंगाला झोंबते, एक स्वेटर हाताशी असू द्या. वर बाजारात रबडी चांगली मिळते आणि इथलीच कॉफीही.

मार्ताआजींचं घर बाजाराच्या पुढे, सपाट अंगणाचं, पत्र्याचं. सुती लुगडं, त्यावर पुरुषी स्वेटर, पांढऱ्या केसांची वेणी. व्हिएन्नाची बाई कशी बोलेल याची मी मनाशी बरीच तयारी केली होती. त्या म्हणाल्या, "काहून व पोरी, इतका उशीर? भाकरी थंड होऊन राहिल्या."

तुरीच्या सोल्यांची भाजी आणि ज्वारीची भाकर. शबाना वाढत होती, मार्ताआजी मला आग्रह करत होत्या. जेवताना त्यांनी आजीबद्दल खोदून खोदून विचारलं. अजून गोड जास्त खाते का, दात आहेत का, नवरा कसा होता. मी उत्तरं देत होते, पण लक्ष घड्याळाकडे. उजेड कमी व्हायच्या आत मला मुलाखत हवी होती. शेवटी मी अंगणात ट्रायपॉड लावला आणि म्हटलं, "मार्ताआजी, हॉलोकॉस्टबद्दल सांगा ना. आमच्या वाचकांना फार उत्सुकता आहे."

उत्सुकता. हाच शब्द वापरला मी.

त्या कॅमेऱ्याकडे बघत म्हणाल्या, "त्याचं काय सांगू? आई गेली, बाप गेला, लहाना भाऊ गेला. मले एका शेतकऱ्यानं त्याच्या गोठ्यात लपवलं, म्हणून मी राह्यली. झालं. आता चहा घेऊ. पेला काढ."

मी गाठोडं सोडलं. हा क्षण नीट यावा म्हणून फोनचा कोन तपासला. मार्ताआजी खाली पायरीवर जाऊन बसल्या. त्यांनी पेला दोन्ही हातांत घेतला आणि पुढे धरला, खाली, जमिनीपासून वीतभर.

"तू ओत."

मी शबानाच्या हातून किटली घेतली आणि वाकले.

"वाकू नको. उभी राह्य. वरून ओत."

मी उभी राहिले.

"आणखी वर. किटली पेल्याले लागली नाई पायजे. तुही पणजी ओतत होती तशी."

मी हात वर नेला. चहाची धार वाऱ्यानं हलली आणि त्यांच्या मनगटावर पडली. त्यांनी हात हलवला नाही. भरलेला पेला त्या खालीच धरून बसल्या आणि मला एकदम कळलं. किटली माझ्या हातात जड झाली. शबानानं ती काढून घेतली.

"तुह्या लेखात होतं, पेला माह्यासाठी येगळा ठिवला होता," मार्ताआजी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "खरं हाये. गोठ्याच्या भिंतीतल्या देवळीत राहे. मी घ्याचा, दूध वरून ओताचे, मी पेऊन धुवाचा अन् तिथंच पालथा ठिवाचा. घरातल्या भांड्याले शिवाचं नाई, माजघरात याचं नाई. मले नवल नाई वाटलं. तिकडं आमच्यासाठी बाक येगळा होता, इथं पेला येगळा. दहा वर्साची पोर, मले वाटे दुनिया अशीच असते. अन् गोठ्याची तं मले सवयच होती."

मी म्हणाले, "मला माहीत नव्हतं."

"तुह्या आजीले हाये न. एका उन्हाळ्यात मले ताप होता. तिनं गुपचूप घरातल्या गिलासात माठाचं पाणी आणून देलं. पेऊन राहिली होती तेवढ्यात तुही पणजी आली. 'गिलास कोण देला?' तुही आजी म्हणाली, 'तिनंच घेतला.' माठ फोडला तिच्या मायनं. माह्यासमोर. मग मी नाई गेली त्या घरी." त्यांनी चहाचा घोट घेतला. "येगळ्या पेल्याचं काई नाई वाटलं. पण ती माही मैतरीण होती."

फोन अजून चालू होता. तो शबानानंच बंद केला.

चहा संपल्यावर मार्ताआजींनी पेला नळाखाली स्वतः धुतला. मला वाटलं आता आत नेतील. त्यांनी तो पदरानं पुसून माझ्या हातात दिला.

"हा माहा नाई. तुमच्या घरचा हाये. घेऊन जाय."

"आजीला काय सांगू?" मी विचारलं.

"म्हण, चहाले ये. माह्या घरी सगळे कप सारखे हायेत."

उतरताना जीपमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. पॉइंट, दऱ्या, कॉफीचे मळे यांचे फोटो या लेखात नाहीत, कारण मी ते काढलेच नाहीत.

अकोल्यात आजी ओसरीतच बसली होती. माझ्या हातातलं गाठोडं तिनं पाहिलं आणि काही विचारायचं उरलं नाही. मी निरोप सांगितला, शब्दाला शब्द. आजी बराच वेळ लुगड्याच्या तुकड्याची गाठ सोडत बसली.

"तिनं गिलासाचं सांगतलं?"

"हो."

"मग मी कोणत्या तोंडानं जाऊ व?"

पुण्यात येऊन आता तीन आठवडे झालेत. दिवाळीचा लेख मी पुसलेला नाही. त्याच्या वर या लेखाचा दुवा दिलाय, कारण बदाम टाकणाऱ्यांनी हेही वाचायला हवं. तो व्हिडिओ मी एकदाच पाहिला. त्यात मार्ताआजी 'आणखी वर' म्हणतात, आणि माझा हात वर जातो. एकदाही अडत नाही. का म्हणून विचारत नाही. पाहताना माझी मलाच लाज वाटली.

काकूचा परवा फोन आला. आजी आता रोजचा चहा त्याच पेल्यातून घेते, बाहेर ओसरीत बसून. कुणाला धुऊ देत नाही. स्वतः उठते, भिंतीला धरून नळापर्यंत जाते, धुते आणि कोपऱ्यात पालथा घालते. गुडघे तिला तेवढं करू देतात.

तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर चिखलदऱ्याचा रस्ता चांगला आहे. घाट आहे, पण गाडी व्यवस्थित चढते, मार्ताआजींच्या थेट अंगणापर्यंत जाते. घरात जायला पायरी एकच, तिथे धरायला शबाना आहे. हे सगळं मी आजीला फोनवर सांगितलंय, दर रविवारी सांगते. ती ऐकून घेते आणि म्हणते, "पाहू."