बर्फाच्या कारखान्यावर आळ

आता तुमच्यापासून काय लपवायचं? सरकारी नोकरीत मी एकदाच मनापासून वीज वाचवली, आणि त्या बचतीपायी सबंध जिल्ह्यातले मास्तर आठवडाभर अडकून पडले!

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. रत्नागिरीत आमच्या कचेरीत कंप्युटर आला. आला म्हणजे काय, नवरी यावी तसा आला! त्याला वेगळी खोली, खिडक्या कायमच्या बंद, भिंतीत दोन एसी, लाइट गेली तर वीस मिनिटं तग धरणारं बॅटऱ्यांचं एक कपाट. चपला दाराबाहेर. साहेबसुद्धा अनवाणी आत येत. आणि या सगळ्याचा प्रमुख कोण? मी, आठल्ये! पुण्याला तीन आठवड्यांचं ट्रेनिंग घेऊन आलेला. दुसरा माणूस मंजूर होता, पण नेमलेला नव्हता.

मे महिन्यात मास्तरांच्या बदल्यांची यादी आमच्याकडे आली. हजारो नावं. मशीनला एकदा यादी लावायला सांगितली की ते दोन-अडीच तास गुरगुरत बसायचं. सकाळी दहाला सुरू करायचं, साडेबाराला यादी तयार. निदान कागदावर तरी तसं होतं.

पहिल्या दिवशी साडेअकराला चहा घेऊन वर येतो, तर मशीन बंद. आपोआप! पडदा काळा. दुपारी मशीनवर पगारपत्रकं असायची, म्हणून सगळं उद्या पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. आता बोला!

बाहेर बाकावर मालगुंडचे एक गुरुजी रोज येऊन बसत. त्यांची बायको लांज्याच्या शाळेत, हे मालगुंडला, आणि पोरगी एकदा इकडे, एकदा तिकडे. पाच वर्षं असा संसार चाललेला. मी दार उघडलं की ते उभे राहत. "झाली का हो यादी?" इतकंच विचारत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

देसाईसाहेबांनी मला बोलावलं. "आठल्ये, भानगड काय आहे?"

"व्होल्टेज, साहेब," मी ठोकून दिलं. "बरोबर ठरलेल्या वेळेला कोणीतरी मोठी मोटर चालू करतंय."

"मग मीटरवर दिसत असेल."

मीटरचा काटा तसूभर हलत नव्हता, हो! पण माझं डोकं बघा. मी म्हटलं, "साहेब, झटका इतका झटपट येतो की काट्याला कळतसुद्धा नाही."

साहेबांनी मान हलवली. कंप्युटरमधलं त्यांना काही कळत नव्हतं, आणि मला कळतं असा त्यांचा समज होता.

मोठी मोटर कुठे असेल? मिरकरवाड्याला, बर्फाच्या कारखान्यात! मी सायकल काढली ती थेट बंदरावर. मालक मजीदभाई शांत माणूस. त्यांनी आधी खुर्ची दिली, मग चहा दिला, मग विचारलं, "बोला साहेब."

"तुमच्या कंप्रेसरमुळे जिल्ह्याचं काम अडलंय!"

"आमचा कंप्रेसर पहाटेपासून चालू असतो."

"साडेअकराला जोर वाढवत असाल."

"त्याला जोर वाढवायला पिळायचा कान नाही हो, साहेब." मग स्वतःच म्हणाले, "तुमची खात्री होत नसेल तर उद्या दहा ते बारा बंद ठेवतो. बघा तपासून."

केवढा हा सज्जनपणा! मे महिन्यात, होड्या धक्क्याला लागायच्या वेळी, बर्फाचा कारखाना दोन तास बंद!

दुसऱ्या दिवशी मी दहाला मशीन चालू केलं आणि अकराला कारखान्यात पहाऱ्यावर जाऊन बसलो. कंप्रेसर गप्प. बाहेर कोळणी पाट्या घेऊन उभ्या, आणि बर्फ पुरत नाही म्हणून माझ्याकडे अशा बघत होत्या की मी घड्याळातून डोकं वर काढलं नाही.

बाराला कचेरीत परतलो. मशीन बंद!

साहेबांनी मुंबईला फोन लावला आणि तिसऱ्या दिवशी रातराणी एसटीनं इंजिनियर आल्या. कुलकर्णीबाई. वय माझ्या धाकट्या बहिणीएवढं. सकाळी बॅटऱ्या तपासल्या, वायरी तपासल्या, सगळं ठीक. यादी सुरू केली.

अकरा वाजले. मी म्हटलं, "चला मॅडम, खाली चहा घेऊ." आणि दाराशी येऊन, रोजच्या सवयीनं, दोन्ही एसी बंद केले. खट्, खट्.

बाई थांबल्या. "हे काय केलंत?"

"वीज वाचवतो," मी अभिमानानं सांगितलं. "कचेरीचं परिपत्रक आहे. खोलीत माणूस नसताना एसी कशाला?"

"रोज बंद करता?"

"रोज! एक दिवस चुकलेलो नाही."

"आठल्ये, हा एसी कोणासाठी आहे असं वाटतं तुम्हाला?"

"आपल्यासाठी. म्हणजे, कंप्युटरवर बसणाऱ्या माणसासाठी. तेवढा मान..."

त्यांनी माझा हात धरून मशीनच्या मागच्या जाळीवर ठेवला. एसी चालू असतानाच्या हवेचा गारवा खोलीत अजून होता, तरी आतून गरम वाफ येत होती. "ही उष्णता अर्धा तास या बंद खोलीत कोंडली की काय होईल? जळू नये म्हणून मशीन स्वतःच बंद होतं. तुमच्यापेक्षा शहाणं आहे ते."

एसी परत चालू झाले. साडेअकरा वाजले, मशीन गुरगुरत राहिलं. साडेबाराला यादी बाहेर! गुरुजींना लांजा मिळालं. त्यांनी माझेच हात हातात घेतले. "तुमच्यामुळे झालं हो!" मी खाली बघितलं. खोटं कुठे होतं? उशीर माझ्यामुळेच झाला होता.

देसाईसाहेब एवढंच म्हणाले, "वीजबचतीसाठी तुमचं नाव मी वर कळवणार होतो. राहू दे आता. आणि त्या कारखानदाराची माफी मागून या."

गेलो. मजीदभाईंनी पुन्हा खुर्ची दिली, पुन्हा चहा दिला. "मग झालं होतं काय नक्की?"

मी सगळं सांगितलं. मशीन आतून तापतं, गारवा त्याला हवा असतो, आणि मी खोलीबाहेर पडताना गारवाच बंद करायचो. मजीदभाई भले गृहस्थ, त्यांनी मिशीआड हसू दाबलं. पण बाजूला सुभद्रामावशी कोळीण पाटीतल्या सुरमईवर बर्फ रचत होती, तिनं हात थांबवला.

"म्हणजे कसा? कोळीण घराक गेली म्हणून माशावरचा बर्फ काढायचा?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. शर्टच्या खिशातली दोन पेनं बघितली. आणि अगदी काळजीनं विचारलं, "शिकलाव किती हो, सायब?"

फिजिक्स घेऊन बीएस्सी पहिल्या वर्गात पास झालेलो मी.

"चौथी," म्हटलं.