टाकळ्याचं पाणी

कढईतला एक दाणा उचलायचा, फुंकर मारून दाढेखाली धरायचा, कट्‌ असा आवाज होतो का ते ऐकायचं आणि निकाल द्यायचा, "अजून कच्चं हाय."

आमच्या घरमालकीण काकींची ही सवय. दाणा टाकळ्याचा असायचा, निकाल मात्र कशालाही लागू व्हायचा. माझा भात, गल्लीतलं नवं काँक्रीट, नातीला बघायला आलेला मुलगा, सगळं अजून कच्चंच. तुम्ही आयटी पार्कशेजारच्या मारुंजीत खोली घेऊन राहिला असाल, तर अशी एखादी घरमालकीण तुम्हालाही भेटली असेल. पाण्याची टाकी मुलगा बघतो, बाकी सगळं आई बघते. तुम्ही कधी आलात, पिशवीत काय आणलंत, तोंड का उतरलंय, सगळं.

माझं तोंड उतरलं होतं कॉफीमुळे. परभणीहून मी इथं नोकरीला आले, यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहायच्या कामावर. दिवसाला सात कप कॉफी व्हायची. मग हात थरथरायला लागले, छाती धडधडायला लागली. डॉक्टर म्हणाले, कॉफी बंद. मी बंद केली आणि तिसऱ्या दिवशी ठणकतं डोकं धरून पायरीवर बसले.

"काय झालं गं?"

मी सांगितलं.

"म्हंजी कापी सुटंना व्हय? येवढी शिकल्याली तू, आन् कपभर पान्यानं बांधून ठिवलंय तुला!"

हे मला फार लागलं. माझं बालपण पत्रकांवर गेलंय. आमच्या घरी पाहुण्याला चहाआधी पत्रक मिळायचं. हुंडा, बुवाबाजी, धरणं, रेशन, सगळ्यांविरुद्ध बाबांनी लिहिलं आणि मी घड्या घातल्या. अशा घरातली मुलगी कपाची गुलाम, आणि तेही मारुंजीतल्या एका बाईनं तोंडावर सांगावं!

काकींनी आत नेलं. टाकळा तुम्ही पाहिलेला असतो, फक्त ओळखलेला नसतो. पावसाळ्यात रस्त्याकडेला माजतो, पिवळी फुलं येतात, मग वीतभर लांब बारीक शेंगा. लोक त्याला तण म्हणून उपटतात. काकी कार्तिकात वाळक्या शेंगा झोडून बिया काढायच्या. लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायच्या, काळपट होऊन तडतडेपर्यंत. मग मिक्सरमधून भरड काढून, गुळाच्या पाण्यात उकळून, वरून सुंठीची चिमूट. घरभर असा वास सुटायचा की मी पहिल्या दिवशी फसलेच.

"काकी, ही तर कॉफीच!"

"कापी न्हाई. टाकळ्याचं पानी हाय."

"पण यात कॅफीन नाही. केवढी मोठी गोष्ट आहे!"

"नसंल. म्या घातलंच न्हाई."

भाजायच्या आधी मात्र त्या मूठभर बिया बाजूला काढून डब्यात ठेवायच्या. तण कोण पेरतं, म्हणून मी हसले.

"भाजल्यालं प्यायचं," त्या म्हणाल्या. "कच्चं ऱ्हातंय तेच उगवतं. असावं डब्यात."

महिन्याभरात माझ्या हातांची थरथर थांबली. काकींबद्दलचा आदर इतका वाढला, की एका दुपारी त्या बशीत ओतून दुधाचा, भरपूर साखरेचा, रंगानं विटेसारखा चहा पिताना सापडल्या तेव्हा मला धक्काच बसला.

"काकी! तुम्ही चहा पिता?"

"मग?"

"आणि आम्हाला टाकळा?"

"मला झोप येतीया. हात कापत न्हाईत. वखद ज्याचं त्यानं प्यावं." बशी संपवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तू लई कच्ची हायेस बघ."

तत्त्वाच्या माणसाला असं बोलू नये. पण काकींना तत्त्व नव्हतं, टाकळा होता.

तो उगवायचा आमच्या खोल्यांच्या मागं, दीडेक गुंठ्याच्या तुकड्यात. बाकी शेत केव्हाच गेलं होतं. कुठं सोसायटी, कुठं दुकानं, कुठं आमच्याच खोल्या. त्यांच्या मुलाचा स्वतःचा जेसीबी. भाडेकरूंच्या गाड्या लावायला तो तुकडा सपाट करायचा, हे त्याचं दोन वर्षांचं म्हणणं. जेसीबी मागं वळला की काकी खुर्ची घेऊन टाकळ्यात जाऊन बसायच्या.

"आई, नुसतं गवत हाय ते!"

"आसू दे. पेरल्यालं सगळं इकलं. न पेरल्यालं येवढंच ऱ्हायलंय माझं."

हे वाक्य मी ऐकलं आणि माझ्यातली पत्रकवाली उठून बसली.

पहिला मसुदा मी त्यांना वाचून दाखवला. मथळा होता, 'कॉफीला देशी पर्याय!'

"पर्याय म्हंजी?"

"म्हणजे... बदली."

"बदलीवर आल्याला मास्तर कवा नीट शिकवतोय व्हय? टाकळा कुनाच्या बदलीवर न्हाई आला. खोड ते. अजून कच्चं हाय."

मी खोडलं आणि लिहिलं, 'टाकळा वाचवा!' खाली गुण लिहिले. कोवळा पाला भाजीला, बी पेयाला, कॅफीन मुळीच नाही. काकींच्या खोल्यांमागचा पत्ता दिला, लोकांनी येऊन पाहावं म्हणून. आणि शेवटी, मनापासून, ठळक अक्षरांत, बाबांना अभिमान वाटेल असं वाक्य: 'निसर्गावर कोणा एकाची मालकी नसते!' हा शेवट मी काकींना वाचून दाखवला नव्हता. दोनशे प्रती काढल्या आणि शनिवारी संध्याकाळी तीन सोसायट्यांच्या फाटकांवर वाटल्या.

लोक पत्रकं वाचत नाहीत, ही माझी जन्मभराची तक्रार होती. ही त्यांनी वाचली.

रविवारी सकाळी मी मागं गेले तेव्हा निम्मा टाकळा पिशव्यांत गेला होता. भाद्रपद होता, शेंगा अजून हिरव्यागार. कोणी पाला ओरबाडत होतं, कोणी गॅलरीतल्या कुंडीसाठी मुळासकट उपटत होतं. मी आडवी गेले, तर पळायचे बूट घातलेल्या एका गृहस्थांनी माझंच पत्रक मला दाखवलं.

"मॅडम, इथं लिहिलंय ना, मालकी कोणाचीच नाही."

वाक्य माझंच होतं, तेही ठळक अक्षरांत.

दहापर्यंत माती दिसायला लागली. काकी खुर्ची घेऊन आल्या. राखत बसायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून उभ्याच राहिल्या. मी शिव्यांची वाट पाहत होते.

"लेकाच्या जेसीबीला दोन वर्सं जमलं न्हाई," त्या म्हणाल्या, "ते तुज्या कागदानं येका सकाळी केलं. पक्का निगाला गं तुजा कागद."

मी रडायला लागले तेव्हा त्यांनी टाकळ्याचं पाणी करून दिलं. गेल्या वर्षीच्या भरडीचं, शेवटचं. तेव्हा मात्र त्यांनी स्वतःसाठीही अर्धा कप घेतला. चहा केला नाही.

पुढच्या आठवड्यात मागं काँक्रीट पडलं. काकींनी दाणा दाताखाली धरावा तसं त्याकडं पाहिलं आणि काहीच निकाल दिला नाही. कार्तिकात त्या रिहे गावी लेकीकडं गेल्या, भात कापणीला, आठ दिवसांसाठी. कापणी झाली, मळणी झाली, त्या आल्या नाहीत.

एकदा मुलगा तिकडं जाऊन आला आणि माझ्या दाराशी थांबला. "आई तितंच ऱ्हाते म्हनली. हे दिलंय. म्हनली, कागदवालीला दे."

पुडी होती. माझ्याच पत्रकाची, अक्षरं आतल्या बाजूला घेऊन नीट बांधलेली. आजवर माझ्या पत्रकाची इतक्या निगुतीनं कोणी घडी घातली नव्हती.

निरोपाचा एक कप, असं मला वाटलं. कढई तापत ठेवली, पुडी सोडली आणि सवयीनं एक दाणा दाढेखाली धरला. कट्‌ झालं नाही. दाणा खड्यासारखा होता. पुडीतली सगळी मूठ हिरवट, चकचकीत, आच न लागलेली.

मी गॅस बंद केला. खिडकीतून खाली वाकून पाहिलं. गाड्यांच्या रांगेपलीकडं, भिंतीच्या कडेला, वीतभर माती कुठं उरली आहे का ते.