साहेबाच्या दगडाचा नारळ

आमच्या गावाबाहेर मुंबईला पाणी नेणारा मोठा नळ आहे. शहापूरकडं येताना डाव्या हाताला दिसतो. त्याच्याशेजारी एका गोऱ्या गव्हर्नराने बसवलेला दगड आहे, आणि पाडव्याला त्या दगडावर नारळ फोडायचा मान आमच्या घराचा. का? तर साहेब आला तेव्हा माझ्या आजेसासऱ्यांनी त्याला आमच्या विहिरीचं पाणी दिलं. साहेब प्यायला आणि म्हणाला, इतकं गोड पाणी देणाऱ्या गावाला पहिलं पाणी मिळेल. तो तांब्या आमच्या देव्हाऱ्यात. त्यातून कोणी प्यायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून तो मी चिंचेने घासत आले.

नळातलं पाणी आमच्या दारावरून मुंबईला जायचं, आणि आम्ही उन्हाळ्यात टँकरची वाट बघायचो. तरी दरसाल नारळ. सासरे म्हणायचे, "साहेबाचा शब्द हाय. आज नाय तर उद्या."

मी शाळा पाहिली नाही. मुलांच्या पुस्तकांवरच वाचायला शिकले, मग वाचनालयातून जे मिळेल ते आणायची. नव्वदनंतरची गोष्ट. एकदा जुन्या गव्हर्नरांच्या चरित्रांचं पुस्तक हाती आलं, त्यात आमचा साहेब! मला तर नातेवाईक भेटल्यासारखं झालं. तिकडं विलायतेत तो गिरणीवाल्या गावातून निवडून यायचा. कशावर? कामगारांच्या चाळीत नळ आणला म्हणून! बायकांना दुरून पाणी आणावं लागतं, हे त्याने तिकडच्या पार्लमेंटात उभं राहून सांगितलं होतं. पुढे निवडणूक हरला, तेव्हा पक्षाने त्याला इकडे गव्हर्नर करून धाडलं. परत गेल्यावर मोठी पदवी मिळाली. आमचं गाव त्यात कुठंच नाही.

त्याला काही ठाऊक नसेल, असं समजून मी इतकी वर्षं त्याला माफ करत होते. आणि त्याला सगळं ठाऊक होतं हो!

पाडव्याच्या सकाळी मी सासऱ्यांना वाचून दाखवलं. त्या वर्षी पहिल्यांदा माझा मुलगा नारळ फोडणार होता, कामावर जायची आसनगावची लोकल सोडून घरी थांबला होता.

सासऱ्यांनी देव्हाऱ्यातल्या तांब्याकडं बघितलं. मग म्हणाले, "तो प्यायलाच नव्हता गो."

"कोण?"

"साहेब. त्याच्याबरोबर पाण्याच्या बाटल्यांची पेटी होती. तांब्या हातात घेतला, हसला, तसाच भरलेला परत दिला. माझ्या बापाने ते पाणी तुळशीला घातलं. साहेब प्यायला, असं आमी मग बोलत गेलो, बोलत गेलो..."

"म्हंजे तुमाला माहीत होतं, बाबा? आणि मी इतकी वर्षं तांब्या घासतेय?"

"मान होता ना तो घरचा. सांगून काय राहिलं असतं?"

साहेब लांबचा, परका. त्याचं एवढं लागलं नाही मला. हे मात्र घरातलं होतं.

मुलगा दारातून ओरडला, "आई, नारळ दे, लोक थांबलेत!"

"लोकांना सांग, आमचा मान संपला. दुसऱ्या कोणाला फोडायचा तर फोडू दे."

देव्हाऱ्यातला तांब्या काढला, टँकरच्या पाण्याच्या पिंपात बुडवला आणि उभ्याउभ्या प्यायले. पाण्याला डिझेलचा वास होता. सासरे बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे केला, "मलापण दे घोटभर."

दिलं. पण त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही.