चर्चेची तालीम

सत्तर सालानंतरची गोष्ट. नागपुरातल्या एका मुलींच्या शाळेत मी नवीनच लागले होते, नोकरी कायम व्हायची होती. तेवढ्यात वरून फर्मान आलं: यापुढे वर्गात बाईंनी कमी बोलायचं, मुलींनी बोलायचं, चर्चा करायची. तपासणीला साहेब येणार, तास माझाच बघणार आणि त्यावर माझं कायम होणं ठरणार. झालं कल्याण!

आमच्या मोठ्या बाईंनी मुलींच्या मुक्त विचारांची ताबडतोब व्यवस्था केली. विषय ‘गृहपाठ हवा की नको’. आठ दिवस तालीम. उत्स्फूर्तपणे कोणी केव्हा उठायचं, हरकत कोणी घ्यायची, हसायचं कुठे, सगळं मी वहीत लिहून दिलं. एकीला वाक्यच आलं नाही म्हणून ती रडायला लागली. तिला ‘मलाही तसंच वाटतं’ देऊन टाकलं.

मागच्या बाकावर एक खणखणीत आवाजाची मुलगी होती. गृहपाठ करत नाही म्हणून रोज माझ्या छड्या खायची. तिला मी ‘गृहपाठ हवाच’ दिलं. आवाज महत्त्वाचा, मत काय, आम्ही पुरवतच होतो.

साहेब आले. चर्चा घड्याळाच्या काट्यावर धावली. ती उठून गरजली, “गृहपाठ हवाच!”

“का बरं?” साहेबांनी विचारलं.

हे वहीत नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी फळ्याकडे पाहिलं.

“मले नाही माहीत जी. मी तं करतच नाही. माय संत्रा मार्केटात जाते, चार लहानगे माझ्यापाशी. केव्हा करू?”

शेजारची भडकली, “मंग छड्या काहून खाऊन राहिली वं? सांगून टाक नं बाईले!”

“मले विचारलं कोणी?”

झालं! सगळा वर्ग पेटला. कोणी म्हणे शाळेतच एक तास द्या, कोणी म्हणे आधी नीट शिकवा तरी. माझी नोकरी डोळ्यांदेखत चालली होती, आणि त्याहून जास्त मला स्वतःची लाज वाटत होती.

साहेबांनी शेरा लिहिला: ‘मुली स्वतः विचार करतात. बाईंची पद्धत आदर्श.’ बिचाऱ्यांना ते भांडणही तालमीतलंच वाटलं असेल. मी कायम होणार हे नक्की झालं. मोठ्या बाईंनी साहेबांना चहा पाजून निरोप दिला आणि व्हरांड्यात त्या मुलीचा कान धरला. मी बघत होते. मधे पडले नाही, कारण कायम झाल्याचा कागद अजून हातात यायचा होता.

दुसऱ्या दिवशी वही घरी ठेवून वर्गावर गेले. म्हटलं, “आता खरंखरं सांगा गं, गृहपाठाचं काय करायचं?” एक हात वर होईना. शेवटी मी तिलाच उठवलं.

तिनं आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्या रिकाम्या हातांकडे.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “आज काय म्हणू?”